फरक केवळ लाल ठिपक्याचा नाही

‘लायका डी-लक्स 4 हा कॅमेरा म्हणजे लाल ठिपका, म्हणजे लायकाची खूण, लावलेला पॅनासॉनिक एलएक्स 3,’ असे एक मत आहे आणि ते आतल्या यंत्रणेपुरते बरोबर आहे. 2008 साली आलेल्या या दोन्ही कॅमेऱ्यांत चित्र टिपणारा 10.1 मेगापिक्सेलचा सीसीडी सेन्सर, 35 मिमी फिल्मच्या हिशेबाने 24 ते 60 मिमीची तीच लेन्स आणि लेन्सच्या नळीवर चित्राच्या लांबी-रुंदीचे प्रमाण बदलणारी तीच सरकती कळ आहे. मात्र एलएक्स 3 च्या दर्शनी भागावर उजव्या हाताची बोटे टेकतील असा उंचवटा आहे, तर डी-लक्स 4 चा दर्शनी भाग सपाट ठेवला आहे. माझ्या मते हाच फरक सर्वांत महत्त्वाचा आहे.

सपाट रूप अधिक देखणे आहे, यात वाद नाही. पण सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, टिपण्यासाठी एका हाताने कॅमेरा डोक्यावर धरावा लागतो, तेव्हा एलएक्स 3 धरताना मधले बोट उंचवट्यामागे घट्ट बसते, आणि डी-लक्स 4 चा गुळगुळीत धातू मात्र बोटांच्या टोकांवरच तोलून धरावा लागतो, मनगटात दोरी असली तरी लक्ष चित्रापेक्षा पकडीकडेच राहते. ही उणीव भरून काढणारी, कॅमेऱ्याच्या तळाशी तिपाई बसवायच्या आट्यात बसणारी वेगळी मूठ लायकाने विकली होती. त्यामुळे जुना डी-लक्स 4 घेताना ती मूठ सोबत मिळते का, हे आधी विचारावे. बॅटरीची चिंता नको, कारण नाव वेगळे असले तरी एलएक्स 3 ची बॅटरी त्यात बसते.