हॅवलॉकला मुक्काम: राधानगर की विजयनगर?

ताई, तुम्ही भुसावळहून मुलांना घेऊन अंदमानला स्कूबा डायव्हिंगसाठी निघताय आणि हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) कुठे उतरावं, असं विचारलंय. इतर बहुतेकांनी राधानगर सुचवलंय. तिथला किनारा देखणा आहेच, पण तुम्ही चाललाय डायव्हिंगला. मी डोळे झाकून पूर्वेकडचं गोविंदनगर-विजयनगर सांगेन. बहुतेक डायव्ह सेंटर त्याच बाजूला आहेत आणि बोटी सकाळी लवकर सुटतात. राधानगर पार पश्चिमेला. झोपाळू मुलांना घेऊन पहाटे तिथून निघणं म्हणजे नुसती धावपळ. सूर्यास्ताला एका संध्याकाळी जाऊन या.

मात्र पूर्वेकडे ओहोटीला पाणी खूप मागे सरतं, दगड-प्रवाळ उघडे पडतात. खोलीसमोरच मनसोक्त पोहता येईल असं धरून ‘सी व्ह्यू’चे जादा पैसे देऊ नका. त्यापेक्षा सेंटरपर्यंत चालत जाता येईल अशी साधी खोली बघा.

सगळ्यात महत्त्वाचं: परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीची रात्र पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) ठेवा आणि त्या दिवशी डायव्ह नको. डायव्ह करताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, त्याआधी विमानाने उंचावर जाणं धोक्याचं. एका डायव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त केले तर १८ तास विमानात बसायचं नाही. धाकट्याचं वय १० पूर्ण आहे ना? नसेल तर त्याला स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावरून पोहणं).

आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीवर अडून बसू नका. महिन्याच्या उत्तरार्धात तिकडे पाऊस सुरू होतो, समुद्र खवळतो. जमलं तर फेब्रुवारी-मार्च गाठा.