नैराश्याच्या गोळ्या आणि मंदावलेली कामेच्छा

प्रश्न: सहा महिन्यांपासून मी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम घेत आहे, मनाची मरगळ गेली, झोप लागू लागली, परंतु कामेच्छा मंदावली असून वीर्यस्खलनास फार वेळ लागतो. पत्नी काही बोलत नाही, दिवा मालवून कूस बदलते, आणि मला अपराधी वाटते. गोळी बंद करावी का?

उत्तर १: कृपया परस्पर बंद करू नका. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या या गोळ्यांचा हा सर्वपरिचित दुष्परिणाम आहे. त्यात तुम्हा दोघांचाही दोष नाही. अचानक सोडल्यास चक्कर येते, अस्वस्थता वाढते आणि आजार उलटू शकतो. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा ब्युप्रोपिऑन, मिर्टाझापिन यांसारखा, हा त्रास कमी देणारा पर्याय सुचवू शकतात.

उत्तर २: मला रिस्पेरिडोन या भास-भ्रमांवरील औषधामुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून असाच त्रास झाला होता. डॉक्टरांनी स्वतःहून कधी विचारले नाही. शेवटी मीच चिठ्ठीवर लिहून ती त्यांच्यापुढे सरकवली, तेव्हा रक्ततपासणी होऊन औषध बदलले. नैराश्यानेही इच्छा मरते, म्हणून त्रास गोळीपूर्वी होता की नंतर सुरू झाला, हे अवश्य सांगा.

प्रश्नकर्ता: गोळीपूर्वी नव्हता. सोमवारी पत्नीला सोबत घेऊन जाईन.