मदत हवी आहे: पळायला निघाल्यावर पाय उचलत नसतील, तर पुढे जायचं की परत फिरायचं?

नमस्कार मंडळी. नंबर काढण्यासाठी न पळणाऱ्या, पण पळल्याशिवाय चैन न पडणाऱ्यांना हा प्रश्न विचारते आहे.

काही वर्षांपासून नियमित पळते. आठवड्यातून तीन-चार वेळा, बहुतेकदा पाच ते आठ किलोमीटर, सुट्टीच्या दिवशी जरा जास्त. हाफ मॅरेथॉनही पळून झाल्या आहेत. पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर सध्या डोक्यात नाहीत. घर आणि नोकरी सांभाळून जेवढं जमतं तेवढ्यावर मी मनापासून खूश आहे.

माझी अडचण वेगळी आहे. चांगला दिवस कुठला आणि वाईट कुठला, याचा मला आधी अंदाजच येत नाही. झोप नीट झालेली, आदला दिवस विश्रांतीचा, हवा छान, आणि तरी पहिल्या किलोमीटरलाच सगळं बिनसतं. उलट दिवसभराच्या कामाने जीव मेटाकुटीला आलाय, शूज घालायचंसुद्धा जिवावर आलंय, अशा दिवशी मी निघते आणि पाय आपोआप पडत राहतात.

वाईट दिवस कसा असतो ते नीट सांगते, कारण कदाचित त्यातच काही खूण असेल. श्वासाची आणि पावलांची लय जुळत नाही. खांदे नकळत कानांकडे चढतात, मुठी आवळलेल्या असतात. आणि सगळ्यात खटकतो तो पावलांचा आवाज. थप, थप, थप, प्रत्येक पाऊल आदळल्यासारखं ऐकू येतं. चांगल्या दिवशी हा आवाज माझ्या कानावरही येत नाही.

अशा वेळी काय करायचं, हाच प्रश्न आहे. परत फिरले तर पुढचे कित्येक तास चुटपुट लागून राहते. रेटून पुढे गेले तर कधी तिसऱ्या किलोमीटरला अंग असं मोकळं होतं की आठवड्यातलं सगळ्यात सुंदर पळणं तेच ठरतं, आणि कधी पुढचे दोन दिवस अंगात कसकस राहते. एक म्हणतो शरीराचं ऐका, दुसरा म्हणतो शरीर थकायच्या आधी मन थकतं, त्याचं ऐकू नका. दोघांचंही मला पटतं. पण त्या क्षणी बोलतंय कोण, शरीर की मन, हे ओळखायचं कसं?

गेल्या काही आठवड्यांत असे दिवस वाढलेत. रस्ता तोच, वेग तोच, पण घड्याळात हार्ट रेट दहा-बारा ठोक्यांनी जास्त दिसतो. हवेत उकाडा आणि दमटपणा वाढलाय हेही खरं. डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला अधूनमधून दुखतं, पळून झाल्यावर थांबतं. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध असेल का?

तुम्ही प्रत्यक्षात काय करता ते कृपया सविस्तर लिहा. पळणं मला फार प्रिय आहे आणि ते हातातून निसटतंय असं वाटायला लागलंय, म्हणून विचारते आहे.

प्रतिसाद १

पहिल्या किलोमीटरवरून काहीही ठरवू नका. पळायला सुरुवात केली की स्नायूंना लागणारा प्राणवायू लगेच पुरत नाही. हृदय आणि फुप्फुसांना त्या मागणीपर्यंत पोचायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर स्नायू आपल्याकडच्या शिल्लक ऊर्जेवर काम भागवतात. म्हणून सुरुवातीला धाप लागते. वयाने आणि सकाळच्या आखडलेल्या अंगाने हा काळ आणखी लांबल्यासारखा वाटतो.

मी पाच मिनिटं भरभर चालतो, मग दहा मिनिटं अगदी हळू पळतो, इतकं की बाजूने चालणारा माणूस सोबत राहू शकेल. पंधरा मिनिटं झाली की स्वतःला विचारतो. तोपर्यंत विचारायचंच नाही, असा नियम केलाय. बहुतेक वेळा विचारायची गरजच उरत नाही.

प्रतिसाद २

वरच्याला +१. शिवाय हार्ट रेटच्या आकड्यावर एवढा विश्वास टाकण्याआधी एकदा बोटांनी नाडी मोजून बघा. मनगटावरचं घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने ठोके ओळखतं आणि पळताना कधीकधी ते ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतं. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर हार्ट रेटही १७०च्या आसपास अडकून बसतो. घड्याळ सैल बांधलं असेल तर हे जास्त होतं. थांबून पंधरा सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. छातीवर बांधून ठोके मोजणारा पट्टा मिळाला तर उत्तमच.

प्रतिसाद ३

ताई, तुमच्या प्रश्नात मला तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. त्या एकत्र बांधल्यात म्हणून गुंता वाटतोय.

आधी उकाडा. घाम आला म्हणजे अंग थंड झालं असं नाही, तो वाळला तरच अंग थंड होतं. दमट हवेत तो नुसता निथळतो. मग शरीर जास्त रक्त त्वचेकडे पाठवतं, घामावाटे रक्तातलं पाणीही कमी होतं, आणि एका ठोक्यात कमी रक्त फेकलं जातं म्हणून हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. तोच वेग ठेवलात तर हार्ट रेट वाढणारच, आणि पळण्याच्या उत्तरार्धात तो आणखी वर सरकेल. नव्या उकाड्याला शरीर साधारण दहा ते चौदा दिवसांत सरावतं, अट एवढीच की त्या हवेत सौम्य पळणं चालू हवं. तेवढे दिवस वेग सोडून द्या. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढंच बघा. वाक्य मध्येच तुटत असेल तर वेग जास्त आहे. यात कमीपणा काही नाही. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल सहनशक्तीपटूंच्या सरावाचा अभ्यास केला तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रं अशा सोप्या तीव्रतेचीच दिसली. त्यांना हळू पळायला परवानगी आहे तर आपल्याला का नसावी?

दुसरी गोष्ट नडगी, आणि इथे मात्र मी कडक बोलणार. आत्ता खाली बसा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वरून खाली न्या. चार-पाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर बहुधा तो नडगीच्या हाडावरचा ताण आहे, ज्याला पळणारे शिन स्प्लिंट म्हणतात. अंतर आणि वेग कमी केला, पोटऱ्यांचे व्यायाम केले की तो सहसा आटोक्यात येतो. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत कळ येत असेल, त्या पायावर लंगडी घालताना दुखत असेल, किंवा चालताना अथवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे. हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता असते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत तो साध्या एक्सरेत दिसेलच असं नाही, त्यामुळे एक्सरे चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. दम वाढायला काही आठवडे पुरतात, हाडं आणि स्नायुबंध मात्र त्याहून खूप सावकाश तयार होतात. छाती म्हणते पळ आणि नडगी म्हणते थांब, अशा वेळी नडगीचं ऐकायचं.

तिसरी गोष्ट मनाची. त्यावर वडीलधाऱ्या मंडळींनी लिहावं, मला अजून ते नीट जमलेलं नाही.

प्रतिसाद ४

अंतर दर आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. एवढं पाळलं की दुखापत होत नाही.

प्रतिसाद ३ देणारा

हा नियम इतका खात्रीचा नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी २००८ साली नवख्या धावकांवर प्रयोग केला होता. एका गटाने अंतर याच १० टक्क्यांच्या हिशेबाने हळूहळू वाढवलं, दुसऱ्याने नेहमीच्या पद्धतीने. दुखापतींच्या प्रमाणात फरक दिसला नाही. हळू वाढवणं शहाणपणाचं आहेच, पण आकडा पाळला म्हणजे आपण सुरक्षित, असं समजून दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये.

प्रतिसाद ५

एक थेट विचारते, राग मानू नका. रक्त तपासून किती दिवस झाले? आणि पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होतो का? पायऱ्या चढतानाही हल्ली दम लागतो का?

धागालेखिका

राग कसला, विचारलंत ते बरं केलंत. वर्षाच्या तपासणीत हिमोग्लोबिन ठीक आलं होतं. पाळीत अलीकडे रक्तस्राव जास्त होतो हे खरं आहे, पण पळण्याशी त्याचा संबंध जोडावा असं कुणीच कधी सुचवलं नव्हतं. पायऱ्यांचं म्हणाल तर हो, वरच्या मजल्यावर पोचले की हल्ली क्षणभर थांबावंसं वाटतं. मी ते उकाड्यावर ढकललं होतं.

नडगी आत्ताच दाबून बघितली. चांगल्या पाच-सहा बोटांच्या पट्ट्यात सगळीकडे हलकं दुखतं, एका जागी कळ नाही, लंगडी घालूनही दुखलं नाही.

प्रतिसाद ५ देणारी

मग डॉक्टरांशी बोलून फेरिटिनची तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात सध्या वापरात असलेलं लोह, फेरिटिन म्हणजे शिलकीतलं. शिल्लक आधी संपते, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. त्यामुळे हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह कमी असू शकतं आणि थकवा जाणवू शकतो. पळणाऱ्या बायकांमध्ये हे बऱ्याचदा आढळतं, कारण पाळीतून लोह जातंच, घामातून थोडं जातं, पावलं आदळून काही तांबड्या पेशी फुटतात, आणि जोरदार व्यायामानंतर काही तास आतड्यातून लोह शोषलं जाण्याचं प्रमाणही घटतं. थायरॉइडही सोबत बघून घ्या, थकव्याची ती एक नेहमीची बाजू आहे. मात्र तपासणीआधी स्वतःहून लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. गरज नसताना शरीरात साठलेलं लोह यकृताला आणि हृदयाला त्रास देतं. आणि रक्तस्राव का वाढला, हेही स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच. तो प्रश्न पळण्यापेक्षा मोठा आहे.

हे माझ्याबाबतीत झालंय म्हणून इतकं लिहिलं. कित्येक महिने मी स्वतःला आळशी म्हणत होते. शरीर खरोखर रिकामं होतं आणि मी मनाला दोष देत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रतिसाद ६

वडीलधाऱ्यांना बोलावलंय म्हणून लिहितो. साठी उलटली आहे, अजून पळतो.

परत फिरलं की चुटपुट लागते असं तुम्ही म्हणालात. त्यावर मी रस्त्यापासून सुरुवात केली. सरळ लांब जाणारा रस्ता सोडला आणि घराभोवती छोटी फेरी ठरवली. प्रत्येक फेरीला घर लागतं. थांबायचं असेल तर तिथेच थांबतो, परत फिरण्याचा प्रश्नच येत नाही. एक फेरी झाली तर एक, चार झाल्या तर चार. वहीत फक्त 'पळालो' एवढंच लिहितो.

त्या वहीत आणखी तीन गोष्टी असतात. उठल्या उठल्या अंथरुणातच मोजलेली नाडी, झोप कशी झाली, आणि पळावंसं वाटतंय का. वाईट दिवस कुणालाही चुकलेला नाही, तो एकटा असेल तर त्याला फार विचारू नये. पण सकाळची नाडी नेहमीपेक्षा चढी, झोप उडालेली आणि पळण्याची इच्छा मेलेली, या तिन्ही गोष्टी सलग काही दिवस दिसल्या तर मी समजतो की बोलतंय ते शरीर. नुसतीच इच्छा नसेल आणि बाकी दोन्ही ठीक असतील, तर शूज घालतो आणि निघतो.

ताप असेल, छातीत कफ किंवा दुखणं असेल, चक्कर येत असेल तर मात्र वहीही उघडायची नाही, घरी पडून राहायचं. आणि पळताना छातीत दडपण आलं तर लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यायची. तिथे पंधरा मिनिटांचा नियम लावू नका.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. पावलांच्या आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही, पण प्रतिसाद वाचल्यावर लक्षात आलं की तो बहुतेक पहिल्या दहा मिनिटांतच जास्त येतो. पुढच्या वेळी बघेन, हळू सुरुवात केली तर कमी होतो का.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे, स्त्रीरोगतज्ज्ञांचीही. तोवर लांब पळणं बंद, घराभोवतीच्या फेऱ्या, नडगी ऐकेल तेवढ्याच. वही आजपासून. एकच विचारायचं राहिलं: फेरिटिनसाठी रक्त देण्याच्या आदल्या दिवशी पळलं तर चालेल का?

प्रतिसाद ५ देणारी

जोरात किंवा लांब पळू नका, शक्यतो दोन दिवस विश्रांतीच घ्या. कष्टाच्या व्यायामानंतर आणि सर्दी-तापातही फेरिटिन तात्पुरतं वाढलेलं दिसू शकतं, मग कमतरता असूनही आकडा बरा येतो. सर्दी झालीच तर बरं वाटेपर्यंत तपासणी पुढे ढकला आणि डॉक्टरांना तसं सांगा. रिपोर्ट आला की इथे नक्की कळवा, वाट बघते.