मदत हवी आहे: फोटो आधीच टाकून बसलोय, आता डिझाइन नोंदवता येईल का?

मंडळी, जरा सल्ला हवाय. मी टेबलावर ठेवायचा एक दिवा तयार केलाय. मान तीन ठिकाणी दुमडते आणि मिटवला की अख्खा दिवा पाटीसारखा सपाट होतो. मागच्या महिन्यात हौसेने त्याचे फोटो टाकले (तेव्हा कुठे एवढी अक्कल होती!) आणि परवा एका विक्रेत्याकडे हुबेहूब तोच दिसला. सांध्यावरची माझी चुकून राहिलेली खाचसुद्धा तशीच!

वाचून एवढं कळलं की डिझाइन नोंदणी फक्त दिसण्याला संरक्षण देते, दुमडण्याच्या युक्तीसाठी पेटंटच लागतं. शिवाय डिझाइन नवीन असावं लागतं, आणि माझं घोडं इथेच अडलंय. युरोपीय संघात स्वतः जाहीर केल्यावरही १२ महिन्यांत अर्ज चालतो, पण सगळीकडे अशी सवलत नाही. पहिल्या अर्जानंतर पॅरिस करारानुसार (पेटंट, डिझाइन वगैरेंसाठीचा आंतरराष्ट्रीय करार) त्यातल्या इतर देशांत अर्ज करायला ६ महिने मिळतात.

कुणी यातून गेलंय का? आधी नोटीस पाठवावी की आधी अर्ज करावा? आणि तारखा घातलेली कच्ची रेखाटनं पुरावा म्हणून चालतात का? वहीची पानं जपून ठेवली आहेत, चहाच्या डागांसकट.