उपेक्खा म्हणजे उपेक्षा? मग ‘उपेक्षित’ कोण?

वरळीकर: बुद्ध पौर्णिमेला आमच्या विहारात चार पानी पत्रक वाटतो. यंदा चार ब्रह्मविहार, म्हणजे मनात जोपासायच्या चार भावना, मराठीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मेत्ता, करुणा, मुदिता बिनबोभाट पार पडले. ‘उपेक्खा’साठी सरळ ‘उपेक्षा’ लिहिलं आणि प्रूफ शेजारच्या मावशींना दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “जन्मभर आपली उपेक्षा झाली, आता आपण दुसऱ्यांची करायची होय रे?” मी गप्प. शब्द सुचवा, शुक्रवारी छपाई आहे. पानाचा फोटो खाली टाकलाय.

विसर्ग: शब्द बदलू नका, वाचकाला शिकवा. उप + ईक्ष्, जवळून पाहणे. योगसूत्रातही (१.३३) मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हीच चौकडी आहे.

पहिली_लोकल: तिथली उपेक्षा ‘अपुण्या’पुरती, म्हणजे पापी माणसांपुरती आहे, ब्रह्मविहारातली सगळ्या जीवांसाठी. आणि मावशींना ईक्ष् धातू कोण शिकवणार, तुम्ही?

घाटकोपरी: ‘समता’ घ्या की. विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस हाच शब्द कानावर पडतो.

वरळीकर: समता आमच्याकडे आधीच कामाला लागलीय हो. ‘समता ठेवा’ छापलं तर लोक विचारतील, मोर्चा किती वाजता?

विसर्ग: मग ‘तटस्थता’. शुद्ध, सुटसुटीत.

पहिली_लोकल: तटावर उभं राहून बुडणाऱ्याकडे बघायचं? विसुद्धिमग्ग या जुन्या पाली ग्रंथात ‘अञ्ञाणुपेक्खा’, म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी, उपेक्खेची जवळची वैरीण म्हटली आहे. म्हणजे हा घोळ पाचव्या शतकातच ओळखला होता. बाबासाहेबांनीही उपेक्खा आणि बेपर्वाई वेगळ्या काढल्यात. फळ मिळो न मिळो, मन हलू द्यायचं नाही, पण प्रयत्न चालूच.

घाटकोपरी: माझा तर ‘वेदना’नेच घात केला. चौथ्या दिवशी ‘वेदना पाहा’ ऐकलं आणि तासभर दुखऱ्या गुडघ्याकडेच लक्ष लावून बसलो. पुढे कळलं, पालीत सुखद, दुःखद आणि ‘अदुक्खमसुख’ (ना सुखद, ना दुःखद) अशा तीन वेदना. मानेवर पंख्याचा वारा लागतो, तीसुद्धा वेदनाच!

विसर्ग: मराठीत पंख्याच्या वाऱ्याला वेदना म्हणून बघा, लोक डॉक्टरकडे नेतील. बाकी पत्रकात ‘दुक्ख’ का? ‘दुःख’ लिहा.

वरळीकर: वंदना पालीत म्हणतो, म्हणून दुक्ख. ते बदलणार नाही.

गिरगावचा_नातू: दुः + ख. ख म्हणजे चाकाचं भोक. आस नीट बसला नाही की गाडी खडखडते, ते दुःख. आजोबा मशीद बंदरला हातगाडी ओढायचे. भोक झिजलं की चाक लंगडायचं आणि संध्याकाळी यांचा खांदा उतरलेला. मला ही व्युत्पत्ती पटते.

विसर्ग: पटते म्हणून खरी होत नाही. दुः + स्था असंही मानतात.

गिरगावचा_नातू: तुम्ही कधी गाडी ओढलीय?

वरळीकर: मंडळी, चौथा शब्द राहिला! मावशी आत्ता येऊन गेल्या. म्हणाल्या, “मन थाऱ्यावर असणं, असं लिही ना.”

पहिली_लोकल: छापा!

विसर्ग: वाक्प्रचार आहे तो, यादीत बसणार नाही. आणि फोटोत नीट बघा, तिसऱ्या ओळीत ‘मुदिता’चं ‘मुद्रिता’ झालंय.