स्टँडबाय एकच असेल तर सिंक्रोनस ठेवावा का?

फोंड्याहून
आमची पतसंस्था लहान. डेटाबेस पोस्टग्रेस १५, प्रायमरी म्हणजे मुख्य सर्व्हर फोंड्याला, त्याची प्रत ठेवणारा स्टँडबाय मडगावला, दोन्ही मीच सांभाळतो. माझं मत आता पक्कं झालंय: स्टँडबाय एकच असेल तर तो असिंक्रोनसच ठेवावा.

सिंक्रोनसमध्ये प्रायमरी प्रत्येक कमिटला, म्हणजे व्यवहार पक्का करताना, स्टँडबायच्या पोचेची वाट बघतो (असिंक्रोनसमध्ये बघत नाही), आणि त्या वाट बघण्याला मुदतच नसते. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात मडगावची वीज गेली, इन्व्हर्टर उतरला. इकडे फोंड्यात वीज होती, सर्व्हर ठीक, डिस्क ठीक. जुन्या खात्यांची माहितीही स्क्रीनवर दिसत होती. पण पावती एकही निघेना, कारण सगळे कमिट अडकलेले. पाऊण तास माणसं रांगेत भिजत उभी होती. आधार म्हणून दुसरं मशीन घेतलं, आणि आता दोनांतलं कुठलंही पडलं तरी काउंटर बंद!

म्हापशाहून
पाऊण तासाचा त्रास खराच. पण दुसऱ्या बाजूला काय जातं तेही मांडा ना. असिंक्रोनसमध्ये प्रायमरीची डिस्क गेली, की शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी स्टँडबायवर पोचलेल्याच नसतात. मासळी विकून बाजारातून थेट आलेल्या बाईने बाराशे रुपये भरले, शिक्क्याची पावती तिच्या हातात, आणि खात्यात काहीच नाही. तिला काय सांगणार? रांग थांबली तर लोक रागावतील, पण उद्या परत येतील. पावती खोटी ठरली तर येणार नाहीत.

ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेचं नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं होतं. त्यांचा डेटाबेस मायएसक्यूएल, पण दुखणं हेच. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरच्या काही सेकंदांच्या नोंदी दुसरीकडे पोचल्या नव्हत्या आणि तोवर दुसरीकडे नवीन नोंदी सुरू झालेल्या. दोन्हींचा मेळ घालून सेवा पूर्ववत व्हायला २४ तासांहून जास्त लागले.

शिवाय सगळंच सिंक्रोनस कुठे करायचंय? सिंक्रोनस-कमिट ही सेटिंग व्यवहारागणिक बदलता येते. भरणा आणि उचल 'ऑन'वर (स्टँडबायची वाट बघायची), एसएमएसची रांग आणि लॉग 'लोकल'वर (बघायची नाही). आणि स्टँडबाय पडलाच, तर सिंक्रोनस-स्टँडबाय-नेम्स (कोणाच्या पोचेची वाट बघायची ती यादी) रिकामं करून रीलोड द्यायचा, म्हणजे सेटिंग पुन्हा वाचायला लावायची. रीस्टार्टसुद्धा लागत नाही, अडकलेले कमिट लगेच सुटतात. ही ओळ कागदावर लिहून सर्व्हरपाशी चिकटवलेली असती तर तुमचा पाऊण तास वाचला असता.

फोंड्याहून
ताई, व्यवहारागणिक सेटिंगचं मी खरंच वापरलं नव्हतं, ते घेतो. पण रीलोडचं पटत नाही. वादळात मडगाव पडलं म्हणून मी सिंक्रोनस काढून टाकलं. त्याच वादळात फोंड्याच्या डिस्कला धोका सगळ्यात जास्त. म्हणजे ज्या घडीला हमी हवी, त्याच घडीला मी ती स्वतःच्या हाताने काढतोय.

पर्वरीहून
म्हणूनच दोन स्टँडबाय घ्या. पोस्टग्रेसच्या २०१७ मधल्या दहाव्या आवृत्तीपासून 'एनी १' लिहिता येतं: दोघांपैकी कोणाही एकाची पोच आली की कमिट पुरा. एक फोंड्यातच, पण वेगळ्या इमारतीत आणि वेगळ्या यूपीएसवर. दुसरा मडगावला आहेच. अंतराचा बाऊ नको. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, फोंडा–मडगाव वीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन मिलिसेकंदाचा पाचवा हिस्सा. वेळ जातो तो मधल्या उपकरणांत आणि स्टँडबायच्या डिस्कवर लिहिण्यात.

वास्कोहून
असिंक्रोनस ठेवला म्हणजे स्टँडबाय पडला तरी प्रायमरी बिनघोर, असं कोणी समजू नये. आमचा अनुभव चवथीच्या सुट्टीतला. स्टँडबायच्या खोलीतला ब्रेकर पडला, सगळे गावी, कोणाच्या लक्षातच आलं नाही. रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबायला न पोचलेलं राखून ठेवणारी सोय) त्याच्यासाठी वॉलच्या, म्हणजे बदलांच्या नोंदवहीच्या, १६ एमबीच्या फाइली राखत राहिला. सुट्टी संपून काम पुन्हा जोरात सुरू झालं आणि डिस्क भरून प्रायमरीच बसला. मॅक्स-स्लॉट-वॉल-कीप-साइझ ही मर्यादा तेराव्या आवृत्तीपासून आहे, पण मूळ सेटिंगमध्ये ती अमर्यादच असते. ती घाला. मर्यादा ओलांडली तर स्लॉट बाद होईल, पीजी-बेसबॅकअप या पूर्ण प्रत काढणाऱ्या साधनाने स्टँडबाय नव्याने उभा करावा लागेल. तेवढं परवडतं.

फोंड्याहून
आत्ताच बघितलं. आमचीही मर्यादा उणे एक, म्हणजे अमर्याद. आजच घालतो, आणि मॉनिटरिंगवर स्टँडबाय तुटल्याचा अलार्मही लावतो. तिसऱ्या मशीनचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे ठेवतो. ते येईपर्यंत मात्र असिंक्रोनसच, यावर मी ठाम आहे.

म्हापशाहून
मंडळाची मंजुरी यायला चार महिने लागतील, म्हणजे अख्खा पावसाळा तसाच काढणार. निदान भरण्याच्या नोंदी तरी सिंक्रोनस ठेवा, आणि रीलोडची ओळ काउंटरवरच्या मॅनेजरच्याही हातात द्या.