बिअरप्रेमी इंदूरकरांनो, तुमची आवडती कोणती? (अनुभव धागा)

रामबागकर: काल सिमरोल रस्त्याने येताना माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) तो ओल्या धान्याचा वास आला आणि जुन्या चवी जाग्या झाल्या. म्हणून हा धागा. नुसतं 'भारी लागते' लिहून पळू नका. कोणती, किती गार, कशात ओतलेली, कशासोबत, सगळं लिहा.

माझं मत पिल्सनरला. 1842 मध्ये योसेफ ग्रोलने चेक देशातल्या प्लझेनला जी सोनेरी लागर (थंडाव्यात हळू आंबवलेली बिअर) काढली, ती 'पिल्सनर उर्केल' नावाने अजून मिळते. साझ जातीच्या हॉप्सचा (बिअरमध्ये घालायची कडू फुलं) स्वच्छ कडवटपणा, मागे माल्टचा गोडवा. 6-7 अंशांना प्यावी. आपल्याकडे बाटली पार गोठवून आणतात, मग हॉप्सचा वास येणार कुठून? फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा.

महूकर: मे महिन्यात दहा मिनिटं? तेवढ्यात त्याचा चहा होतो काका.

रामबागकर: मग मे महिन्यात तीन.

जीरावण: ब्रँड नंतर, आधी तारीख वाचा. महिन्याभरापूर्वीची साधी किंगफिशर ही आठ महिने गोदामात शिजलेल्या इंपोर्टेडपेक्षा कधीही बरी. उष्णतेत बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, ती मग कितीही गार केली तरी जात नाही.
दुसरं म्हणजे उजेड. हॉप्सचे कडू घटक उजेडाने मोडतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. हिरव्या बाटलीतला तो उग्र वास त्याचाच. तपकिरी काच बराच उजेड अडवते. हिरवी आणि पांढरी जवळपास नाहीच. दुकानात काउंटरवर सजवलेली बाटली घेऊ नका, 'भिया, खोक्यातली दे' म्हणा. कॅनला ही भानगडच नाही.

पोहे_भिया: एवढं शास्त्र कोण बघतं! स्ट्राँग घ्या, गराडू (तळलेला कंद) घ्या, विषय संपला.

जीरावण: स्ट्राँगचा हिशोब करून ठेव. 650 मिलीची बाटली 8 टक्क्यांची असेल तर 52 मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा 30 मिलीचा पेग 42.8 टक्क्यांनी साधारण 13 मिली. म्हणजे एक बाटली बरोबर चार पेग. 'बिअरच तर आहे' म्हणून गाडीला किक मारणारे हा हिशोब करत नाहीत. आणि स्ट्राँग खरंच एकदम गारच प्यावी, कोमट झाली की अल्कोहोल घशाला टोचतं.

पोहे_भिया: चार??

बडोद्याची_सून: आमच्याकडे 1960 पासून कोरडं, त्यामुळे मी वाचूनच तहान भागवते 😄 माहेरी आले की गव्हाचीच. पण दोन जातींत गल्लत करू नका. जर्मन हेफेवाइझेनला केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो, त्यात ना केळं घालत ना लवंग, ती करामत यीस्टची. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखर घालतात, उदा. होएगार्डन.
ओतायची रीत: उंच ग्लास पाण्याने ओला करा, तिरका धरा, हळू ओता. तळाशी दोन बोटं उरली की बाटली गोल फिरवून गाळ सोडवा आणि तो वरून ओता. गाळ टाकून दिलात तर अर्धी चव गेली. लिंबू नको, फेस बसतो.

ग्वाल्हेरी: गिनेस ड्राफ्ट या काळ्या आयरिश बिअरच्या कॅनमध्ये आत प्लास्टिकचा गोळा खडखडतो. त्याला घाबरून कॅन परत करायला निघालेले लोक आहेत! तो विजेट, त्यात नायट्रोजन भरलेला असतो. कॅन उघडल्याबरोबर तो वायू बाहेर पडतो आणि साईसारखा फेस येतो. कॅन चांगला गार हवा, नाहीतर फेसच फेस. ग्लास मोठा घ्या आणि एका दमात सगळा ओता, थोडा थोडा नाही. मग पूर्ण बसेपर्यंत हात लावू नका. काळी दिसते म्हणून जड समजतात, ड्राफ्ट फक्त 4.2 टक्के आहे. काळा रंग भाजलेल्या जवाचा.

सुदामानगर_ताई: सगळे बिअरवर बोलताय, ग्लासवर कोणी नाही. तूपतेलाचा ग्लास असेल तर गिनेस असो की अजून काही, फेस मरतो. आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले की समजायचं ग्लास मळका. बेकिंग सोड्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा, फडक्याने पुसू नका, जाळीवर पालथा ठेवा. त्याच स्क्रबरने कढई घासत असाल तर सोडाही काही करणार नाही.

महूकर: ताई, आमच्याकडे ग्लास धुवायचा तो पिणाऱ्यानेच, असा वटहुकूम आहे.

सुदामानगर_ताई: योग्य वटहुकूम आहे.

पलाशिया_पिल्सनर: मायक्रोब्रूअरीत (स्वतःची बिअर काढणाऱ्या पबमध्ये) जात असाल तर आधी घोटभर चाखायला मागा, देतात. लागरला उकडलेल्या भुट्ट्याचा वास आला तर उकळणं कमी पडलंय किंवा झाकण ठेवून उकळलंय. फिकट माल्टला तास-दीड तास उघडं, खळखळून उकळावं लागतं, आणि नंतर झटपट गार करावं लागतं. लोण्याचा वास म्हणजे आंबवण्याच्या शेवटी दोन-तीन दिवस थोडं उबदार ठेवायचं ते टाळून घाईत गार केलं. आंबट आणि लोणीदार दोन्ही एकदम, तर नळाची पाइप धुतलेली नाही. दर दोन आठवड्यांनी धुवायची असते. शंका आली तर सरळ दुसरा नळ मागा.

पोहे_भिया: भुट्ट्याचा वास आला तर मी भुट्ट्याचा कीसच मागवीन, जिरावण मसाला मारके.

जीरावण: माझं नाव काढलं की हजर 🙏

नवीन_सूनबाई: मुलांसाठी आणि आमच्या सासूबाईंसाठी काही? घरी बिअर काढायला परवाना लागतो म्हणे.

बडोद्याची_सून: लागतोच, त्या वाटेला जाऊ नकोस. जिंजर बिअर कर. आधी विरजण: धुतलेलं आलं सालासकट किसून 1 मोठा चमचा, साखर 1 चमचा, पाणी 2 कप. नर्मदेचं नळाचं पाणी उकळून गार केलेलं घे, क्लोरीन राहिला तर आंबणारच नाही. रोज तेवढंच आलं-साखर घालून ढवळ. चार-पाच दिवसांत फसफसतं.
मग 100 ग्रॅम आलं आणि 120 ग्रॅम साखर दीड लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळ, गाळ, दोन लिंबं पिळ. हाताला अजिबात गरम लागत नाही इतकं निवल्यावर विरजणाचं गाळलेलं पाणी अर्धा कप. गरमात घातलंस तर यीस्ट मेलं. प्लास्टिकच्या बाटलीत वर चार बोटं जागा सोडून भर. काचेची नको, फुटते. उन्हाळ्यात एका दिवसात बाटली कडक लागते, लगेच फ्रिजमध्ये. किंचित अल्कोहोल होतंच, म्हणून जास्त दिवस बाहेर ठेवायची नाही. अगदी लहान मुलांना नुसतं आलं-लिंबू सरबतच दे.

पोहे_भिया: गराडू मिळतील का आता कुठे?

सुदामानगर_ताई: उन्हाळ्यात गराडू? थंडीत या सराफ्यात.

नवीन_सूनबाई: ताई, विरजणावर पांढरा थर आलाय, टाकू का?

बडोद्याची_सून: सपाट पांढरा असेल तर काढून टाक आणि पुढे चाल. केसाळ, हिरवा किंवा काळा असेल तर सगळं फेकून बरणी उकळून घे. फोटो टाक बरं.